चेंबरला पोचा आलाय, पण ऑइल गळत नाहीये. गाडी चालवू का?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती कमी केली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

गाडीत बसून ऐकत असाल तर सीटबेल्ट लावा, आणि स्वतः चालवत असाल तर फोन हातात घेऊ नका.

गेल्या आठवड्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा. बाबांची पेट्रोल हॅचबॅक घेऊन चार मित्रांबरोबर कोकणात गेला होता. समुद्राकडे उतरणाऱ्या कच्च्या रस्त्यावर जांभ्याचा एक दगड वर आलेला होता, त्यावर गाडी खालून धाडकन आदळली. त्याचा प्रश्न असा: "दादा, घरी येऊन बघितलं. चेंबरला पोचा आलाय, पण ऑइलचा एक थेंब गळत नाहीये. म्हणजे वाचलो ना? बाबांना सांगायलाच पाहिजे का?" आणि मग अगदी शेवटी, जाता जाता: "हां, येताना घाटात एकदा लाल दिवा लुकलुकला, पण लगेच गेला."

मी नोट तिथेच थांबवली आणि त्याला फोन लावला. म्हटलं, गाडी पार्किंगमध्ये आहे ना, तिथेच राहू दे. अजिबात स्टार्ट करू नकोस. का, ते आजच्या भागात.

चेंबर करतं काय?

कंपनीच्या भाषेत ऑइल पॅन, गॅरेजच्या भाषेत चेंबर. इंजिनच्या अगदी तळाला बसवलेलं भांडं. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण 3 ते 4 लिटर इंजिन ऑइल असतं आणि इंजिन बंद असताना त्यातलं बहुतेक सगळं या भांड्यात जमा होतं. भांड्याच्या तळापासून थोडंसं वर एक नळी असते, तिच्या तोंडाला जाळी. ती जाळी म्हणजे स्ट्रेनर. ऑइल पंप या जाळीतून ऑइल खेचतो आणि दाबाने सगळ्या इंजिनभर फिरवतो.

दाब महत्त्वाचा का? कारण क्रँकशाफ्ट बेअरिंगला घासून फिरत नाही. दोघांच्या मध्ये केसाहून पातळ असा ऑइलचा थर असतो, त्यावर तो तरंगतो. दाब गेला की थर गेला. धातूवर धातू. मग इंजिन जाम व्हायला काही मिनिटं पुरतात.

गळती नसली तरी धोका कुठे?

आपण सगळे खाली वाकून एकच गोष्ट बघतो, ऑइल गळतंय का. ते बघायलाच हवं. पत्र्याचं चेंबर चेपतं, अॅल्युमिनियमचं असेल तर तडकू शकतं. ड्रेन बोल्टला मार बसला असेल किंवा कडेचं पॅकिंग सरकलं असेल, तर गळती तासाभराने, इंजिन तापल्यावरही सुरू होते. पण गळती नसतानाही तीन गोष्टी घडलेल्या असू शकतात.

पहिली, पोचा आतून वर आला आणि स्ट्रेनरच्या तोंडाला जाऊन टेकला. म्हणजे सरबताच्या ग्लासमध्ये स्ट्रॉ तळाला घट्ट दाबून धरली तर काय होतं, तेच. ग्लास भरलेला, पण ओढलं तर येत नाही. चेंबरमध्ये ऑइल आहे, इंजिनला मिळत नाहीये.

दुसरी, धक्क्याने स्ट्रेनरची नळी वाकली किंवा तिच्या जोडावरची रबरी रिंग हलली. मग पंप ऑइलबरोबर हवाही ओढतो.

तिसरी, पोचा मोठा असेल तर पत्रा फिरत्या भागांपर्यंत पोचतो. इंजिन सुरू केल्यावर टक-टक-टक असा एकसारखा आवाज येतो, आणि रेस वाढवली की तोही वाढतो.

आणि एक फसवी गोष्ट. भांडं चेपलं की त्याची जागा कमी होते. त्यामुळे ऑइल थोडं कमी झालेलं असलं तरी डिपस्टिकवर पातळी ठीक दिसू शकते. डिपस्टिक बघा, पण तिच्या एकटीच्या साक्षीवर निकाल देऊ नका.

तो लाल दिवा

डॅशबोर्डवरचा किटलीसारखा लाल दिवा ऑइलच्या दाबाचा असतो. बरेच जण त्याला ऑइल कमी असल्याचा दिवा समजतात आणि "पुढच्या पंपावर टॉपअप करू" म्हणून चालवत राहतात. हा दिवा दाब खूपच खाली गेल्यावर लागतो, म्हणजे तो मुळात उशिरा येणारा निरोप आहे.

आपल्या मित्राचा दिवा घाटात का लुकलुकला असेल? तापलेलं ऑइल पातळ, वळणावर क्लच दाबला, आरपीएम उतरला. दाब अशा वेळीच सगळ्यात कमी असतो. त्यात वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं. चांगल्या इंजिनात हे सगळं सांभाळलं जातं. स्ट्रेनर अर्धवट दाबला गेला असेल तर नाही.

म्हणून नियम एकच. मार बसल्यानंतर हा दिवा एकदा जरी लागला, लुकलुकला तरी, सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे" हे वाक्य मनात आणू नका. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 हा हेल्पलाइन नंबर आहे. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर त्यांची टोइंग गाडी मागवा.

आदळल्यावर काय करायचं? क्रमाने ऐका

एक. शक्यतो सपाट जागा बघून थांबा, हॅन्डब्रेक लावा, इंजिन बंद.

दोन. गाडीखाली शिरू नका. सायलेन्सर आणि ऑइल दोन्ही तापलेलं असतं, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच नाही. फोनचा टॉर्च लावा, हात खाली घालून व्हिडिओ काढा. पोचा कुठे आहे, किती खोल आहे, ड्रेन बोल्ट सरळ आहे का, ओलं कुठे दिसतंय. हाच व्हिडिओ पुढे मेकॅनिकला आणि विमा कंपनीला उपयोगी पडतो.

तीन. खाली पुठ्ठा किंवा जुना पेपर सरकवा आणि 10-15 मिनिटं थांबा. एसीचं पाणीही खाली पडतं, त्याला घाबरू नका. बोटावर घेऊन बघा. ऑइल चिकट असतं, सहसा तपकिरी नाहीतर काळं. हिरवं किंवा गुलाबी आणि पाण्यासारखं पातळ असेल तर ते बहुधा कूलंट, म्हणजे मार रेडिएटरलाही असू शकतो.

चार. एवढ्या वेळात ऑइल खाली उतरलेलं असतं. डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, मग वाचा. दोन खुणांच्या मध्ये हवी.

पाच. पोचा खोल नाही, गळती नाही, पातळी ठीक, आणि दिवाही कधी लागला नाही. हे सगळं जुळलं तरच स्टार्ट करा. चावी ऑन केल्यावर लाल दिवा लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत जायला हवा. गेला नाही, किंवा खालून ठोकल्यासारखा आवाज आला, तर लगेच बंद.

नुसता ओरखडा किंवा उथळ पोचा असेल आणि सगळं नीट असेल, तर हळू, दिव्यावर लक्ष ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. पोचा खोल असेल, खास करून मधोमध, तर टोइंग.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी एक ओळ. तुमच्याकडे चेंबर नाही, पण खाली बॅटरी पॅक आहे. जोरात मार बसला तर घरगुती तपासणी नको, थेट सर्व्हिस सेंटरला कळवा.

गॅरेजमध्ये काय सांगायचं?

"बघून घ्या जरा" असं म्हणू नका. तीन कामं नाव घेऊन सांगा.

ऑइल प्रेशर मोजा. प्रेशर स्विच काढून तिथे गेज लावतात आणि गरम इंजिनवर, आयडलला आणि रेस देऊन, आकडा बघतात. तो कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवायचा. पण दिवा लागला असेल किंवा आवाज येत असेल तर आधी चेंबर खोला, गेज नंतर.

ऑइल आणि फिल्टर तपासा. जुनं ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये काढून उन्हात बघा. चमकी दिसली तर बेअरिंग घासली गेली असण्याची शक्यता आहे. लोहचुंबकाला काही चिकटलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण बेअरिंगवरचा थर अॅल्युमिनियम, तांबं किंवा कथिलाच्या मिश्रधातूचा असतो. फिल्टर कापून आतला कागद बघितला तर आणखी नीट कळतं.

चेंबर खोलल्यावर स्ट्रेनर बघा, नळी आणि तिची रिंग बघा. आणि बसवताना लिक्विड गॅस्केट भसाभसा लावू नका म्हणावं. जास्तीचं आत सुटून पडलं की तेच जाळीत जाऊन बसतं.

विम्याचं काय?

अपघाताने चेंबर फुटलं तर ते साधारणपणे ओन डॅमेजमध्ये बसतं. पण आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत एक अट असते: दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि नुकसान वाढलं, तर वाढलेलं नुकसान तुमचं. म्हणजे चेंबरचे पैसे मिळतील, जाम झालेल्या इंजिनचे नाही. इंजिन प्रोटेक्ट नावाचं अॅड-ऑन असतं, त्याच्या अटी आजच वाचून ठेवा.

आणि मुळात आदळू नये म्हणून एवढंच. कंपनी जो ग्राउंड क्लिअरन्स छापते तो बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि डिकीत बॅगा म्हणजे गाडी खाली बसलेली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल स्पीडब्रेकर 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितलाय. गल्लीतला अरुंद, टोकदार उंचवटा त्या मापाचा नसतो. लाज न बाळगता मित्रांना उतरवा.

आता आपल्या मित्राचं. त्याने त्याच रात्री बाबांना सांगितलं. बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून गाडी टो करून नेली. चेंबर खोललं तर पोचा स्ट्रेनरला जवळजवळ टेकलेला, जाळीची एक कड वाकलेली. ऑइलमध्ये चमकी नव्हती, फिल्टरही साफ. चेंबर, स्ट्रेनर, ऑइल, फिल्टर एवढ्यावर भागलं. बाबा सोमवारी त्याच गाडीने, त्याच घाटाने, कामाला जाणार होते. त्याने सांगितलं नसतं तर पुढचा लाल दिवा त्यांनी बघितला असता.

आज एक काम करा. घरच्या गाडीचं बॉनेट उघडा, डिपस्टिक कुठे आहे ते शोधा आणि पातळीचा एक फोटो काढून ठेवा. भेटू पुढच्या भागात, काळजी घ्या!