सांभाळणाऱ्यालाही विसावा हवा

‘डॉक्टर, गोळी जरा जोराची द्या. कंबर पार धरलीय.’

पाच-सहा वर्षे त्या ताई दर दोन महिन्यांनी हेच सांगत दवाखान्यात येत होत्या आणि मीही दर खेपेस गोळ्या लिहून देत होतो. नवरा एस.टी.त कंडक्टर, आठवड्यातले तीन दिवस मुक्कामाच्या गाडीवर. मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली. घरात चोवीस वर्षांचा मुलगा. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हातापायांवर ताबा नाही. बोलणे आईशिवाय कुणाला उमगत नाही. अधूनमधून फिट येते, त्याची औषधे चालू. घरात त्याला अजूनही ‘बाळ’च म्हणतात. ह्या बाळाचे वजन बेचाळीस किलो. अंथरुणातून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, मोरीतून पुन्हा अंथरुणात, असे दिवसातून आठ-दहा वेळा ताई त्याला एकट्या उचलत.

मागच्या पावसाळ्यात त्या आल्या, तेव्हा बराच वेळ इकडचे तिकडचे बोलत राहिल्या. मग मान खाली घालून म्हणाल्या, ‘अंग बाहेर येतंय, डॉक्टर. दीड वर्ष झालं.’

जड उचलल्याने हा त्रास वाढतो. मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी ऑपरेशन सांगितले आणि नंतर दोन-तीन महिने जड काही उचलायचे नाही, अशी ताकीद दिली. ताई कागद घेऊन परत माझ्याकडे आल्या. ‘ऑपरेशन करीन हो. पण बाळाला कुठे ठेवू?’

माझ्याकडे उत्तर नव्हते. इतकी वर्षे मी कंबरेला गोळ्या दिल्या, पण घरी उचलायला दुसरे कोण आहे, हे एकदाही विचारले नव्हते.

विसावा म्हणजे टाकणे नव्हे

दिव्यांग व्यक्तीची देखभाल काही तास, काही दिवस किंवा काही आठवडे दुसऱ्या कुणी करायची आणि तेवढ्यात घरच्या माणसाने विश्रांती घ्यायची किंवा अडलेले काम उरकायचे, अशी ही सोय असते. ती तीन प्रकारे करता येते. माहितीचे माणूस घरी येऊन बसते. दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रात सकाळी नेऊन संध्याकाळी आणता येते. किंवा निवासी संस्थेत थोड्या मुदतीसाठी ठेवता येते. मुदत संपली की माणूस घरी परत येतो.

हे मी ताईंना सांगितले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. ‘म्हणजे आश्रमात टाकू? लोक काय म्हणतील, आई जिवंत असून पोर टाकलं?’

मी त्यांना विचारले, ‘तुम्ही माहेरी चार दिवस जात होता, तेव्हा सासर सोडलं असं कुणी म्हटलं का?’

त्या काही बोलल्या नाहीत. पण चार दिवसांनी नवऱ्याला घेऊन आल्या.

कायदा काय सांगतो?

१९९९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय न्यासाचा कायदा केला. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. न्यासाच्या ‘समर्थ’ योजनेच्या उद्दिष्टांतच अशा तात्पुरत्या निवासाचा समावेश आहे. गरीब आणि निराधारांकडे तिचा विशेष रोख आहे. ‘निरामय’ ह्या न्यासाच्या आरोग्य विम्यात १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. ह्याच कायद्याखाली जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिचे सदस्य असतात. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज ह्या समितीकडे करावा लागतो.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व धरले आहे. ज्यांना जास्त आधार लागतो, त्यांना सांभाळणाऱ्यासाठी भत्ता मिळावा, हेही त्याच्या कलम २४ मध्ये आहे. म्हणजे सांभाळणाऱ्याचे कष्ट कायद्याने ओळखले आहेत. पण कायद्यात आहे म्हणून गावात सोय आहेच असे नाही. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात, जिल्हा रुग्णालयात आणि जवळच्या विशेष शाळेतल्या शिक्षकांकडे चौकशी करावी. आम्हाला पत्ता मिळाला तो एका शिक्षिकेकडूनच.

आधी रंगीत तालीम

संस्था शेजारच्या तालुक्यात होती. एकदम तीन आठवडे ठेवायचे नाही, असे आम्ही ठरवले. पहिल्या खेपेस बाळ आईबरोबर दोन तास बसून आला. दुसऱ्या खेपेस दुपारभर एकटा राहिला. दिवाळीनंतर एक रात्र.

त्या रात्री नऊला संस्थेतून फोन आला, की मुलगा तोंडच उघडत नाही. सांभाळणाऱ्या मावशींना वाटले, हट्ट करतोय. ताईंनी विचारले, ‘घासाआधी पाणी दिलं का? तो डोळे खाली करतो, म्हणजे पाणी मागतो.’ पाण्याचे दोन चमचे दिल्यावर तो जेवला. ताई मात्र रात्रभर जाग्या होत्या.

जे आईला न सांगता कळते, ते दुसऱ्याला कागदावरच द्यावे लागते. म्हणून मी बाळाची सगळी माहिती एका कागदावर लिहून दिली. असा कागद प्रत्येक घरात तयार असावा. त्यात पुढील गोष्टी असाव्यात:

• औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ. औषधे मूळ पाकिटातच द्यावीत, दोन दिवसांची जास्त द्यावीत. फिटचे औषध एकदम बंद पडले, तर मोठी फिट येऊ शकते, हे ठळक लिहावे.

• फिट कशी येते, किती वेळ टिकते, तेव्हा काय करावे. पाच मिनिटांहून जास्त चालली, तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

• जेवण घट्ट की पातळ, घास केवढा. ताठ बसवूनच भरवावे आणि नंतर अर्धा तास आडवे करू नये, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

• कूस कधी आणि कोणत्या बाजूला बदलायची. शौच-लघवीची सवय आणि वेळ.

• हो, नाही, पाणी, दुखते, भीती वाटते ह्यांच्या खुणा. कशाने शांत होतो, कशाने बिथरतो.

• ऍलर्जी, डॉक्टरांचा आणि घरचा फोन, दिव्यांग ओळखपत्राची प्रत.

संस्था कशी पारखावी?

रंग दिलेल्या भिंती पाहू नयेत. जेवणाच्या वेळी जाऊन भरवतात कसे ते पाहावे. रात्री किती माणसे जागी असतात, मुली-स्त्रियांची स्वच्छता स्त्रियाच करतात का, डॉक्टर कोण येतात, हे विचारावे. पूर्वसूचना न देता भेटायला परवानगी नसेल, तर तिथे ठेवू नये. गप्प राहावा म्हणून बांधून ठेवणे किंवा झोपेची औषधे देणे चालते का, हे स्पष्ट विचारावे. पैसे किती आणि कशाचे, ते लिहून घ्यावे. घरी आणल्यावर अंगभर नजर टाकावी. माणूस एकाएकी घाबरा किंवा अबोल झाला, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये.

माझी चूक

जानेवारीत ताईंचे ऑपरेशन झाले. बाळ एकवीस दिवस संस्थेत राहिला. चौथ्या दिवशी वडील भेटायला गेले, तर उजव्या खुब्यावर लाल चट्टा दिसला. दाबल्यावरही लाली जात नव्हती. ही बेडसोरची पहिली पायरी. दिवसा कूस बदलत होते, रात्री नाही. मी कागद उघडून पाहिला. दर दोन तासांनी कूस बदलावी, असे लिहिले होते, पण ‘रात्रीसुद्धा’ हा शब्द नव्हता. लिहिणारा मीच होतो. संस्थेने लगेच रात्रीचे वेळापत्रक भिंतीवर लावले. त्या बाजूवर आठवडाभर झोपवले नाही आणि चट्टा गेला. काही जणांना वाटेल, बघा, शेवटी आईच पाहिजे. मला वाटते, कागद नीट पाहिजे आणि घरच्यांची फेरीही पाहिजे.

मुदत संपल्यावर प्रश्न संपला नव्हता, कारण ताईंना अजून उचलायची बंदी होती. लेक महिनाभर माहेरी आली, वडिलांनी रजा काढली. बाळाच्या अंगाखाली जाड चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी धरायचे, पाठ न वाकवता गुडघ्यांत वाकायचे, हे मी त्यांना शिकवले. चोवीस वर्षांत वडिलांनी मुलाला पहिल्यांदाच आंघोळ घातली.

आता दर तीन महिन्यांनी बाळ चार दिवस संस्थेत जातो. मावशींच्या हातून जेवतो, गाडी फाटकाशी वळली की हसतो. ते हसू ताईंना जरा लागतेही. मागच्या आठवड्यात म्हणाल्या, ‘माझ्याशिवाय त्याचं काही अडत नाही, हे बघून रडू आलं. मग वाटलं, मी नसले तरी कुणीतरी त्याची भाषा समजेल.’

वाचकहो, आपल्या आळीतही असे एखादे घर असेल. तिथल्या माणसाला ‘धन्य तुमची’ म्हणून निघून जाऊ नका. ‘रविवारी दुपारी दोन तास मी बसतो, तुम्ही झोपा,’ असे म्हणून पाहा. आणि तुम्हीच सांभाळणारे असाल, तर अंथरुणाला खिळेपर्यंत थांबू नका. तो कागद आजच लिहायला घ्या आणि त्यात ‘रात्रीसुद्धा’ हा शब्द विसरू नका.