पॅरिसला जायचंय? आधी व्हिसा, मग तिकीट

जळगाव किंवा धुळ्याहून पॅरिसचा बेत ठरला की पहिली घाई होते ती स्वस्त विमान तिकिटाची. पैसे अडकतात ते इथेच. व्हिसा नाकारला गेला, तर अशा तिकिटाची रक्कम सहसा परत मिळत नाही. अर्जासोबत आरक्षण लागते; पक्के तिकीट व्हिसा आल्यावर काढलेले बरे.

अर्ज कोणत्या देशाकडे?
शेंगेन व्हिसावर २९ देश फिरता येतात. मात्र अर्ज जिथे जास्त दिवस मुक्काम, त्याच देशाकडे करावा. पॅरिसला तीन आणि स्वित्झर्लंडला चार दिवस असतील, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे. दिवस सारखे असतील, तर आधी जिथे उतरणार त्या देशाकडे. लंडनसाठी वेगळा व्हिसा लागतो.

अर्ज कधी?
प्रवासाच्या सहा महिने आधीपासून, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस, कधी ४५ दिवसही लागतात. मे महिन्यात जायचे असेल, तर फेब्रुवारीतच कामाला लागा.

खर्च किती?
प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालील मुलांना ४५ युरो. सेवा शुल्क वेगळे. व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमाही हवा.

मुंबईला जावे लागते का?
पहिल्यांदा अर्ज करताना बोटांचे ठसे द्यावे लागतात. खान्देशात ही सोय नाही. जळगाव-मुंबई अंतर रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. त्यामुळे घरातल्या सर्वांची वेळ एकाच दिवशीची घ्या. उत्पन्न शेतीचे असेल, तर बँकेच्या उताऱ्यासोबत सातबारा आणि माल विक्रीच्या पावत्याही जवळ ठेवा.