मुका झालेला हॉर्न: जुन्या मोटारीतील विद्युत्मंडलाचा दोष कसा शोधावा

तामिळनाडूतील कुंभकोणम् हे कावेरी व अरसलार ह्या दोन नद्यांच्या मधोमध वसलेले देवळांचे नगर होय. तंजावरच्या भोसल्यांचे राज्य १८५५ साली संपले. तथापि त्या राजवटीबरोबर दक्षिणेत गेलेली मराठी भाषिक घराणी ह्या परिसरात आजही आढळतात. दर बारा वर्षांनी येथे महामहम् उत्सव भरतो. २०१६ च्या उत्सवानंतर पुढचा २०२८ मध्ये येईल. उत्सव नसतानाही देवळांभोवतीच्या अरुंद रस्त्यांत पादचारी, सायकली, गाईगुरे व मोटारी ह्यांची एकच दाटी असते. अशा रस्त्यातून जुनी मोटार चालविणाऱ्याने हॉर्नची कळ दाबावी आणि आवाज येऊ नये, ही गोष्ट गैरसोयीची तर खरीच, पण धोक्याचीही आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी विजेवर चालणारा हॉर्न आवश्यक ठरविला आहे, तो ह्याच कारणाने.

आपल्याकडील जुन्या मोटारी म्हटल्या की दोन नावे चटकन आठवतात. एक, बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होणारी अॅम्बॅसेडर. दुसरी, वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात बनलेली फियाट ११००, जी पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली. ह्या गाड्यांचा हॉर्न बंद पडला की मालक बहुधा नवा हॉर्न विकत आणतो. पुष्कळदा तोही वाजत नाही. कारण दोष हॉर्नमध्ये नसून त्याच्याकडे जाणाऱ्या किंवा त्याच्यापासून परतणाऱ्या वाटेवर असतो. म्हणून प्रथम ती वाट समजून घेतली पाहिजे.

हॉर्न वाजतो कसा?

कुंभकोणम् व मयिलादुतुरै ह्यांच्या दरम्यान नरसिंगपेट्टै नावाचे गाव आहे. तेथे घडविल्या जाणाऱ्या नादस्वरम् ह्या वाद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या सनईप्रमाणेच ह्या वाद्याच्या तोंडाशी बोरूची दुहेरी पत्ती असते. फुंकर घातली की पत्तीची फट भराभर मिटते व उघडते, आणि हवेचा अखंड झोत तुटक होऊन नाद उमटतो.

विजेच्या हॉर्नमध्येही असेच घडते. मात्र तुटक होतो तो विजेचा प्रवाह. हॉर्नच्या डबीत तारेचे वेटोळे गुंडाळलेला लोखंडी गाभा असतो. वेटोळ्यातून प्रवाह गेला की तो चुंबक बनतो व पोलादाच्या पातळ पडद्याला जोडलेला लोखंडाचा तुकडा ओढून घेतो. हा तुकडा पुढे सरकताच दोन संपर्कबिंदू विलग होतात. प्रवाह तुटतो, चुंबकत्व नाहीसे होते व पडदा मागे येतो. पडदा मागे येताच संपर्क पुन्हा जुळतो आणि तोच क्रम पुन्हा सुरू होतो. सेकंदास शेकडो वेळा हा पडदा थरथरतो व त्या कंपनांचा ध्वनी आपल्या कानी येतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘क्लॅक्सन’ हा विजेचा प्रसिद्ध भोंगा अमेरिकन संशोधक मिलर रीस हचिसन ह्याने तयार केला. त्यात विजेच्या मोटरीवर फिरणारे दातेरी चाक पडद्यावरील खुंटीवर घासे. बहिऱ्यांसाठी विजेचे श्रवणयंत्र बनविणाराही हाच गृहस्थ होता.

प्रवाहाची वाट

विद्युत्प्रवाह बॅटरीच्या एका टोकापासून निघून दुसऱ्या टोकाशी परत आला तरच वाहतो. पुष्कळ जुन्या गाड्यांत हॉर्नची वाट अशी असते: बॅटरी, फ्यूज, हॉर्न, तेथून सुकाणूच्या चक्राकडे जाणारी तार, चक्राच्या मध्यावरील कळ, सुकाणूचा दांडा, गाडीचा लोखंडी सांगाडा आणि पुन्हा बॅटरी. ह्यात परतीसाठी वेगळी तार नसते. सांगाडाच तिचे काम करतो. कारागीर त्याला ‘अर्थ’ म्हणतात. त्याचा जमिनीशी मात्र काही संबंध नसतो.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. अशा रचनेत हॉर्नच्या एका टोकाशी वीज नेहमीच उभी असते. कळ दाबल्याने केवळ परतीची वाट खुली होते. म्हणून दोषाच्या लक्षणावरूनच त्याच्या जागेचा अंदाज बांधता येतो. फ्यूज व हॉर्न ह्यांमधील तारेचे आवरण झिजून ती सांगाड्याला टेकली, तर फ्यूज वितळतो. हॉर्न व कळ ह्यांमधील तार तशीच टेकली, तर कळ न दाबताच हॉर्न अखंड वाजू लागतो. मधेच कोठे जोड सुटला, तर पूर्ण शांतता. आणि जोड सुटलेला नसून मळलेला असेल, तर आवाज क्षीण व घोगरा येतो.

मळलेला जोड काय करतो?

कावेरीच्या खोऱ्यातील दमट हवेत तांब्यापितळेची भांडी काळवंडतात व त्यांवर हिरवट कळंक चढतो, म्हणून घरोघरी ती चिंचेने घासतात. तारेच्या टोकांवर तोच कळंक व लोखंडी सांगाड्यावर गंज चढतो, आणि दोन्ही प्रवाहाला अडवितात.

हिशेब साधा आहे. बॅटरी १२ व्होल्टची असून हॉर्न ४ अँपिअर प्रवाह घेतो असे समजा. म्हणजे त्याचा रोध ३ ओहम धरता येईल. वाटेत गंजलेल्या जोडामुळे १ ओहमची भर पडली, तर एकूण रोध ४ ओहम होऊन प्रवाह ३ अँपिअरवर येतो. हॉर्नच्या वाट्याला ९ व्होल्ट व त्या जोडाला ३ व्होल्ट जातात. पण कळ न दाबता हॉर्नच्या टोकाशी व्होल्टमापक लावला, तर तो पुरे १२ व्होल्ट दाखवितो. कारण मापकातून जवळजवळ प्रवाहच जात नाही व जोडातील अडथळा उघडकीस येत नाही. ‘वीज येते आहे, तरी वाजत नाही’ ह्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. जोडाची परीक्षा प्रवाह वाहत असतानाच घेतली पाहिजे.

शोधाचा क्रम

साहित्य थोडेच लागते: दोन लांब तारा व मोटारीच्या पुढच्या दिव्याचा ४५ वॉटचा एक जुना बल्ब. हा बल्ब हॉर्नइतकाच, म्हणजे सुमारे पावणेचार अँपिअर प्रवाह घेतो. म्हणून मळलेला जोड असेल तर तो मंद व पिवळट पेटतो. पेटलेला बल्ब फार तापतो, तेव्हा हात जपावा.

१. पुढचे दिवे लावून पाहावेत. तेही मंद असतील तर बॅटरी किंवा तिची टोके तपासावीत.

२. फ्यूज काढून पाहावा. तो शाबूत असला तरी त्याची टोके व त्याला धरणारे चिमटे घासून स्वच्छ करावेत.

३. बल्बची एक तार हॉर्नच्या वीज येणाऱ्या टोकाला व दुसरी सांगाड्याच्या रंग खरवडलेल्या जागी लावावी. बल्ब लख्ख पेटला तर तेथपर्यंतची वाट निर्दोष होय. तो मंद पेटला, तर दुसरी तार थेट बॅटरीच्या सांगाड्याशी जोडलेल्या टोकाला लावून पाहावी. आता तो लख्ख झाला तर दोष बॅटरी व सांगाडा ह्यांना जोडणाऱ्या पट्ट्यात आहे. मंदच राहिला तर बॅटरी व हॉर्न ह्यांमधल्या तारेत किंवा तिच्या जोडांत आहे.

४. हॉर्नच्या दुसऱ्या टोकाला एक तार लावून ती क्षणभर सांगाड्याला टेकवावी. हॉर्न वाजला, तर तो ठीक आहे व दोष कळीच्या बाजूस आहे. वाजला नाही, तर तो काढून बॅटरीला थेट जोडून पाहावा.

५. दोष कळीच्या बाजूस असेल तर कळीखालील संपर्कपट्ट्या घासाव्यात. मग सुकाणूचा दांडा व सांगाडा ह्यांमध्ये तार जोडून कळ दाबावी. दांडा रबरी आधारांवर बसलेला असेल, तर परतीची वाट तेथेच तुटलेली सापडण्याचा संभव असतो.

काही गाड्यांत कळ व हॉर्न ह्यांमध्ये रिले असतो; कळीचा अल्प प्रवाह रिले मिटवितो व मोठा प्रवाह रिलेतून जातो. कळ दाबताच रिलेचा ‘टक्’ असा आवाज आला, तर कळीची बाजू निर्दोष समजावी व पुढची वाट तपासावी.

हॉर्नवरील समायोजनाच्या स्क्रूला हात लावण्याची वेळ सर्वांत शेवटी येते. त्याची मूळ जागा खूण करून ठेवावी व तो एका वेळी किंचितच फिरवावा.

एक निषिद्ध गोष्ट

फ्यूज वारंवार वितळतो म्हणून त्याच्या जागी जाड तार किंवा चांदीचा कागद घालण्याची वाईट सवय पुष्कळांना असते. मोटारीची बॅटरी क्षणार्धात शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते. फ्यूज नसेल तर तेवढ्या प्रवाहाने हॉर्नची तार लाल होते, शेजारच्या तारांची आवरणे जळतात व गाडी पेट घेऊ शकते. वितळलेला फ्यूज पुढे कोठेतरी तार सांगाड्याला टेकली आहे असे सांगत असतो. ती जागा शोधणे हाच त्यावरील उपाय होय. म्हणून तारा उसकटण्यापूर्वी बॅटरीचे एक टोक सोडवून ठेवावे. जुन्या तारांचे रंग फिके पडलेले असतात व मधल्या काळात कोणीतरी जोडणीही बदललेली असते; तेव्हा रंगावर विसंबून न राहता प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत तपासावी.

हाच क्रम गाडीचे दिवे, काच पुसणारा वायपर किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतील विजेची घंटा ह्यांनाही लागू पडतो. घंटेची रचना तर हॉर्नसारखीच असते. शिक्षकांनी ती उघडून तिचा संपर्कबिंदू कागदाच्या कपट्याने अडवावा, एखादा जोड सैल करावा व विद्यार्थ्यांना दोष शोधावयास लावावे. वाट मधोमध तपासून कोणत्या अर्ध्या भागात दोष आहे हे ठरविले, आणि त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग केले, तर आठ जोडांतील एक वाईट जोड तीन परीक्षांत सापडतो.