रक्तातील दोन खुणा

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत म्हणून ओळखली जाते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि सफदरजंग रुग्णालय ही दोन मोठी रुग्णालये तेथून जवळच आहेत. अशा वसाहतीतील एखादा कारकून रक्तदान करतो आणि काही दिवसांनी रक्तपेढी त्याला कळवते की, त्याच्या रक्तात हिपॅटायटिस-बी विषाणूचा पृष्ठ-प्रतिजन आढळला आहे. त्याला कधी कावीळ झालेली नसते. भूक, झोप, कचेरीतील काम, सारे यथास्थित चाललेले असते. अशा माणसाने या अहवालाची चिंता का करावी?

या प्रश्नाचे उत्तर तैवानमधील सरकारी नोकरांच्या रक्तातून मिळाले. हा प्रतिजन बरूक ब्लुंबर्ग यांनी १९६५ साली जाहीर केला होता आणि १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले होते. पामर बीझ्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २२,७०७ पुरुषांचे रक्त तपासले आणि त्यांच्या प्रकृतीवर काही वर्षे लक्ष ठेवले. त्यांपैकी ३,४५४ जण विषाणूचे वाहक होते. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या समूहात यकृताच्या कर्करोगाचे ४१ रुग्ण निघाले. त्यांपैकी ४० वाहक होते!

जन्माच्या वेळी मातेकडून संसर्ग झाला, तर दहांपैकी सुमारे नऊ बालकांत हा विषाणू कायमचा ठाण मांडतो. प्रौढपणी संसर्ग झालेले बहुतेक लोक त्यातून मुक्त होतात. यकृताच्या पेशी वर्षानुवर्षे नष्ट होत व पुन्हा निर्माण होत राहतात. विषाणूच्या डीएनएचे तुकडे पेशींच्या गुणसूत्रांत शिरतात. म्हणूनच सिऱ्होसिस झालेला नसतानाही काही वाहकांना कर्करोग होऊ शकतो. संसर्ग आणि कर्करोग यांच्यामध्ये पुष्कळदा काही दशके जातात. हा दीर्घ काळ हीच वैद्याची संधी होय.

या काळात शोधावयाची दुसरी खूण म्हणजे अल्फा-फीटोप्रोटीन. हे प्रथिन गर्भाचे यकृत तयार करते. जन्मानंतर त्याचे प्रमाण झपाट्याने घटते. १९६३ साली मॉस्कोत आबेलेव्ह यांना यकृताची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात ते पुन्हा आढळले. पुढच्याच वर्षी तातारिनोव्ह यांना ते मानवी रुग्णांत सापडले. कर्करोगाची पेशी जणू गर्भावस्थेतील विसरलेला धडा पुन्हा गिरवू लागते.

मग सर्वांचेच रक्त तपासून मोकळे का होऊ नये? समजा, ही चाचणी दहा कर्करोग्यांपैकी सहांना ओळखते आणि दहा निरोगी माणसांपैकी एकावर उगाच संशय घेते. तैवानमधील पाहणीच्या संपूर्ण काळात वाहक नसलेल्या एक लाख पुरुषांमागे सुमारे ५ जणांना हा कर्करोग झाला. त्या सर्वांची चाचणी केली, तर ३ रुग्ण सापडतील आणि सुमारे दहा हजार निरोगी माणसे घाबरून जातील. वाहकांत मात्र हेच प्रमाण लाखामागे १,१५८ होते. तेथे सुमारे ६९५ रुग्ण सापडतील, म्हणजे दर पंधरा संशयितांत एक खरा रुग्ण. चाचणी तीच, परंतु कोणाची करावयाची हे ठरल्यावर तिला अर्थ येतो. पहिली खूण दुसरीला वाट दाखवते, ती अशी.

तरीही दहांपैकी चार रुग्ण निसटतातच. उलटपक्षी, यकृताचा दाह बळावला किंवा गर्भधारणा असली, तरीही हे प्रथिन वाढते. म्हणून रक्ताबरोबर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीही करतात. शांघायमध्ये १८,८१६ व्यक्तींवर असा प्रयोग झाला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, तपासणी होत असलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी आढळले. हे यश तपासणीला निम्म्याहून थोडे अधिकच लोक नियमित येत असताना मिळाले, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आता इतर खुणांचाही आधार घेतला जातो. 'क' जीवनसत्त्वाशी नव्हे, तर 'के' जीवनसत्त्वाशी निगडित असलेले सदोष प्रोथ्रॉम्बिन ही त्यांपैकी एक. मात्र रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधांनीही ते वाढते. अनेक खुणा, वय आणि लिंग यांचा एकत्र हिशेब केल्यास निदान अधिक भरवशाचे होते. रक्तात तरंगणाऱ्या, कर्करोगाच्या डीएनएच्या कणांवरही संशोधन चालू आहे.

आपल्या कारकुनाने तो कागद फेकून देऊ नये हे आता उघड आहे. त्याने वैद्यांकडून यकृताची स्थिती आणि विषाणूचे प्रमाण तपासून घ्यावे. औषधाची गरज आहे की नाही, हे त्यावरून ठरेल. सिऱ्होसिस असेल, घराण्यात हा कर्करोग झालेला असेल किंवा पुरुषाने चाळिशी व स्त्रीने पन्नाशी ओलांडली असेल, तर षण्मासिक तपासणी चुकवू नये. औषधाने धोका घटतो, पण नाहीसा होत नाही. पत्नीचे व मुलांचेही रक्त तपासावे, आणि ज्यांना संसर्ग नाही व लसही मिळालेली नाही, त्यांना ती द्यावी. घरात बालक जन्मले, तर पहिली मात्रा चोवीस तासांच्या आत मिळाली पाहिजे. भारतात २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी व औषधे विनामूल्य देण्याची तरतूद आहे.