जुनं लुगडं देण्याआधी

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आपल्या ओळखीची. पण शहरातून गाडी घेऊन ‘जरीची जुनी लुगडी आहेत का?’ विचारत फिरणारेही असतात. त्यांच्याशी आमचं भांडण नाही. फक्त मालाची किंमत त्यांना कळते, आणि ती आपल्यालाही कळायला हवी.

पूर्वीची अस्सल जर म्हणजे दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचं पाणी. म्हणून तर कितीतरी लुगडी नुसती चांदी काढायला जाळली गेली! आता बऱ्याच जरीत तांबं नाहीतर प्लॅस्टिक असतं.

काठाच्या आतल्या टोकाची एक तार काढून नखाने खरवडा. सोनेरी थराखाली पांढरी चमक दिसली तर चांदी, तांबूस दिसली तर तांबं. कापडाचा एक धागा चिमट्यात धरून जाळा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो, राख बोटाने चुरते. नायलॉनची कडक गोळी होते.

पैठणी असेल तर पदर उलटा करून बघा. हातमागाच्या अस्सल पैठणीची नक्षी दोन्हीकडून सारखी दिसते. असा पदर शाबूत असेल तर लुगडं मध्ये विरलेलं का असेना, त्याची ओढणी, जाकीट होतं. तो चांदीच्या वजनावर देऊ नका, काठही कापू नका. गटाच्या बैठकीत सगळ्यांची लुगडी मांडा, दोन-तीन ठिकाणी भाव विचारा.

आणि लुगडं सासूबाईंचं असेल तर आधी त्यांना विचारा बरं!