एका हंगामात कोटी फेरे

दसऱ्याच्या आसपास रिसोड तालुक्यात सोयाबीनच्या सुड्या लागतात आणि मागोमाग शेतात हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, येतो. ट्रॅक्टरच्या पीटीओचा, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मागच्या दांड्याचा, ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे. हडंब्याचा शाफ्टही तेवढाच फिरतो असं धरू. तासाला झाले ३२,४०० फेरे, दहा तासांच्या दिवसाला ३,२४,०००. आणि ३१ दिवसांत? एक कोटीच्या वर!

पट्ट्याच्या ओढीने शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात किंचित वाकतो. आत्ता जी बाजू ताणली गेली, तीच अर्ध्या फेऱ्यात दाबली जाते. कोटी वेळा ताण, कोटी वेळा दाब. पुली धरून ठेवणाऱ्या चावीच्या खाचेचा धारदार कोपरा, गंजाचा खड्डा, लेथचा ओरखडा अशा जागी हा ताण एकवटतो. तिथे पोलादाच्या स्फटिकांतले थर एकमेकांवरून सरकत राहतात, आणि एक दिवस तिथेच भेग जन्मते.

ती वाढते किती? लोखंडाच्या दोन शेजारी अणूंमधलं अंतर म्हणजे मिलिमीटरचा चाळीस लाखावा भाग. भेग फेऱ्यामागे एवढीच सरकली, तरी दिवसाला केसाच्या जाडीएवढी वाढते. महिन्याला अडीच मिलिमीटर! पुढे तर भेग जितकी लांब, तितकी तिची चाल वाढत जाते. ताण दुप्पट झाला तर पोलादात हा वेग साधारण आठपट होतो. उरलेला भाग मग एका झटक्यात तुटतो.

१८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून निघालेल्या रेल्वेगाडीचा आस असाच तुटला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी आस फिरवून फिरवून दाखवलं, की ठरावीक मर्यादेखालचा ताण पोलाद कोट्यवधी फेरे सोसतं. आजही चाचणीत कोटी फेरे टिकलेला तुकडा बहुधा पास समजतात. आपला हडंबा तो आकडा एका हंगामात गाठतो.

तुटलेला शाफ्ट नीट पाहा. एका बाजूला गुळगुळीत, शिंपल्यासारख्या रेघा, तर दुसरीकडे खडबडीत, दाणेदार भाग. गुळगुळीत भाग महिनोन्‌महिने तुटत होता, दाणेदार भाग त्या दिवशी तुटला. म्हणून ‘काल तर चांगला चालला होता’ याला अर्थ नाही.

हंगामाआधी पुली काढा, खाचेभोवती रॉकेल लावून पुसा, वर खडू फासा. थोड्या वेळाने पांढऱ्यावर ओली रेघ उमटली, तर शाफ्ट बदला. वेल्डिंगने भागवू नका, नवी भेग त्याच सांध्यातून निघते.