भेट बनवताना बोटांनी सांगितलेलं दुखणं

आमच्या तुर्भ्याच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्रातली मावशी निवृत्त होणार होती. किती बाळंतिणींच्या उशाशी ती रात्रभर बसली, त्याचा हिशेब नाही. साडी आणि नारळ तर सगळेच देतात, म्हणून आपल्या हाताने काहीतरी करून देऊ, असं आमच्या आरोग्य गटातल्या बायकांनी ठरवलं. गटातल्या एका कॉलेजच्या मुलीने स्ट्रिंग आर्ट सुचवलं. फळीवर बारीक खिळे, म्हणजे चुका, ठोकायच्या आणि त्यावर रंगीत दोरा ताणून नक्षी काढायची. आमच्यापैकी कुणीच ते आधी केलेलं नव्हतं.

ही कल्पना तशी जुनी. मेरी एव्हरेस्ट बूल (१८३२–१९१६) या इंग्रज शिक्षिकेने मुलांना गणित समजावं म्हणून पुठ्ठ्यावर सुईदोऱ्याने सरळ टाके घालून वक्र रेषा दाखवायला सुरुवात केली. ज्या जॉर्ज एव्हरेस्ट यांचं नाव शिखराला दिलं, त्यांची ती पुतणी. दोरा प्रत्येक वेळी सरळच जातो, पण सगळ्या रेषा मिळून गोल दिसतो. आम्हालाही आधी ते खरं वाटलं नव्हतं.

सुताराकडून १२ मिलिमीटर जाडीचा, फूटभर लांबी-रुंदीचा प्लायचा तुकडा आणला. पॉलिश पेपरने घासला, गडद निळा रंग दिला. कागदावर २० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढून कोनमापकाने दर १५ अंशांवर खूण केली. २४ खुणा झाल्या. कागद फळीवर चिकटपट्टीने लावून प्रत्येक खुणेवर एक इंची चूक ठोकली, तीही अर्ध्याहून कमी आत. मग कागद फाडून काढला. दोरा क्रोशाचा घेतला. पहिल्या चुकेला गाठ मारून पुढे सातवी मोजायची. १ वरून ८, ८ वरून १५, १५ वरून २२, तिथून ५. असं करत २४ ओळींनंतर दोरा परत पहिलीवर येतो. नंतर दुसऱ्या रंगाने अकरावी मोजत गेलो. दोन्ही मिळून नऊ-दहा मीटर दोरा पुरतो. फार ओढला तर चूक वाकते, सैल सोडला तर नक्षी लोंबते. आम्ही दोन्ही केलं आणि दोनदा उसवलं.

पण सांगायची गोष्ट पुढे आहे. आमच्या गटातल्या एक काकू मसाल्याच्या बाजारात मिरचीची देठं खुडतात. त्यांच्या मुलीच्या बाळंतपणात मावशी रात्रभर जागली होती, म्हणून पहिली चूक आपणच ठोकणार, असा त्यांचा हट्ट. पण चिमटीत धरलेली चूक खाली पडायची. तिसऱ्यांदा पडली तेव्हा आम्ही हसलो. काकू हसल्या नाहीत. हात झटकत म्हणाल्या, “सिस्टर, हात झोपतो हो. रात्री तर मुंग्यांनी जाग येते.”

आम्हाला लाज वाटली. काकूंना हात झटकताना आम्ही कित्येक महिने पाहत होतो. नर्सिंगची पदविका असूनही आम्हीच त्यांना “कॅल्शियम घ्या” म्हणून सांगितलं होतं. मुंग्या कुठल्या बोटांना येतात, एवढंही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. करंगळी ठीक होती.

मनगटाच्या आत एका अरुंद बोगद्यातून एक नस जाते. तिच्यावर दाब आला की याच बोटांना मुंग्या येतात, रात्री जास्त, आणि हात झटकला की बरं वाटतं. याला कार्पल टनेल म्हणतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो जास्त दिसतो. गरोदरपण, मधुमेह, थायरॉईड आणि मनगट-बोटांचं तेच तेच काम ही त्याची नेहमीची कारणं. दुर्लक्ष केलं तर अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सुकतो आणि पकड जाते.

काकूंना आम्ही डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, मनगटं वाकवून मिनिटभर धरायला सांगितली. मिनिट पुरं होण्याआधीच मुंग्या आल्या. रक्त तपासलं तर साखर वाढलेली, आणि काकूंना त्याचा पत्ताच नव्हता. साखरेचं औषध सुरू झालं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा मिळाला. काही आठवड्यांत झोप लागू लागली. वेळेवर गेलं तर बहुतेकदा पट्ट्यावर भागतं, नाहीतर इंजेक्शन किंवा छोटी शस्त्रक्रिया लागते.

मैत्रिणींनो, तुम्हीही अशी भेट करणार असाल तर थोडं लक्षात ठेवा. चूक बोटांनी न धरता कंगव्याच्या दातांत किंवा पकडीने धरा, म्हणजे हातोडी बोटावर बसणार नाही. खिळा टोचला तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. हळद, चुना, टूथपेस्ट लावू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन मोठ्यांनाही दर दहा वर्षांनी घ्यायचं असतं. जखम खोल किंवा मळलेली असेल आणि शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षं उलटली असतील, तर लगेच केंद्रात जा. चाळिशीनंतर दोरा दिसत नसेल तर डोळे ताणू नका, चष्म्याचा नंबर काढा. आणि बसल्याबसल्या अचानक एका बाजूचा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर ती दमणूक नव्हे. १०८ ला फोन करा, क्षणभरही थांबू नका.

बाकीच्या चुका आम्ही ठोकल्या. पहिली मात्र काकूंनीच ठोकली, डाव्या हातात कंगवा धरून. ती जराशी तिरपी आहे. निरोपाच्या दिवशी मावशीने फळीवरून हात फिरवला, तिरप्या चुकेपाशी थांबली आणि म्हणाली, “ही कुणाची?” काकूंनी हात वर केला.